गुऱ्हाळाची वेबसाईट आणि मी: वर्डप्रेस पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांसाठी

आमच्या मामांचं करवीर तालुक्यात गुऱ्हाळ आहे. काही वर्षांपूर्वी ओळखीतल्या एका पोरानं त्यांना वेबसाईट करून दिली, दिसायला झकास होती, मामांनी खुशीत बॉक्सवर, पिशव्यांवर, टेम्पोच्या मागच्या बाजूला सगळीकडं पत्ता छापून घेतला. पुढं ते पोरगं नोकरीला बाहेरगावी गेलं, नंबर बदलला, आणि एक दिवस साईट उघडली तर गूळबिळ काही नाही, तिथं ऑनलाईन पत्त्यांच्या खेळाची जाहिरात. चौकशी केली तेव्हा कळलं की डोमेन त्या पोराच्या नावावर होतं, पैसे भरायची तारीख गेली, नाव सुटलं आणि दुसऱ्या कुणीतरी उचललं. मामा मला म्हणाले, "तू दिवसभर कंप्युटरवरच असतोस न्हवं, मग आता तूच बघ." मी कंप्युटरवर असतो म्हणजे उद्यमनगरात एका वर्कशॉपची बिलं करतो, कोडिंगचा आणि माझा काडीचा संबंध नाही, पण मामांना नाही कोण म्हणणार.

आता ती साईट मी, मामी आणि मामेभाऊ असं तिघं मिळून चालवतोय. ज्यांच्या गळ्यात अशीच कुणाची तरी साईट पडलीय, शाळेची, तालमीची, पतसंस्थेची नाहीतर स्वतःच्या दुकानाची, त्यांच्यासाठी हे लिहितोय. डिझायनर व्हायचं असेल तर हे तुमच्या कामाचं नाही. रोजची साईट न घाबरता चालवायची असेल तर वाचा.

आधी सीएमएस म्हणजे काय ते एका दमात सांगतो. पूर्वी साईटवरचा गुळाचा दर बदलायचा म्हटलं तर फाईल उघडून कोडमध्ये हात घालायला लागायचा. सीएमएसमध्ये तुमचा मजकूर एका डेटाबेसमध्ये बसतो, दिसायचा कसा ते थीम ठरवते, आणि तुम्ही फक्त लॉगिन करून लिहायचं नि बटण दाबायचं. मजकूर वेगळा आणि कपडे वेगळे, एवढं डोक्यात बसलं की निम्मं काम झालं. जूमला आहे, ड्रुपल आहे, पण मी वर्डप्रेसबद्दलच बोलणार कारण मला तेच येतं, आणि जगातल्या दहातल्या चार वेबसाईट तरी त्यावरच चालतात त्यामुळं अडलात तर विचारायला माणूस मिळतो. मॅट मुलेनवेग आणि माईक लिटल या दोघांनी बी-टू नावाच्या एका बंद पडत चाललेल्या सॉफ्टवेअरवरनं ते उभं केलं आणि २७ मे २००३ ला पहिली आवृत्ती सोडली. सॉफ्टवेअर फुकट आहे, खर्च येतो तो जागेचा आणि नावाचा.

इथं एक घोळ सगळ्यांचा होतो, माझाही झाला. वर्डप्रेस डॉट कॉम आणि वर्डप्रेस डॉट ऑर्ग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डॉट कॉमवर खातं काढलं की ते लोक साईट त्यांच्याकडं ठेवतात, सांभाळतात, आणि काय काय करता येईल ते तुम्ही कुठला प्लॅन घेतलाय त्यावर ठरतं. डॉट ऑर्गवरचं सॉफ्टवेअर तुम्ही स्वतःच्या होस्टिंगवर बसवता, म्हणजे घर तुमचं आणि झाडलोटही तुमचीच. मी खाली जे सांगतोय ते दुसऱ्या प्रकाराबद्दल.

नाव आणि जागा, तुमच्याच नावावर

डोमेन म्हणजे पत्ता, होस्टिंग म्हणजे जागा. दोन्ही एकाच कंपनीकडनं घेतलं तरी चालतं, वेगळं घेतलं तरी चालतं, पण खातं धंद्याच्या मालकाच्या नावावर, मालकाच्या ईमेलवर आणि मालकाच्या मोबाईलवरच पाहिजे. साईट करून देणारा म्हणेल की "काका तुम्ही कशाला त्रास घेताय, मी करतो की", त्याला चहा पाजा आणि शेजारी बसून स्वतः खातं उघडा. तो काही चोर नसतो, पण उद्या तो गावात नसेल. मामांच्या केसमध्ये नेमकं तेच झालं.

दुसरं, पहिल्या वर्षाचा दर बघून भुलू नका. पहिलं वर्ष स्वस्त आणि रिन्यूअलला दुप्पट-तिप्पट हा सगळीकडचाच खेळ आहे, त्यामुळं घेतानाच पुढच्या वर्षीचा दर किती ते बघायचं. ऑटो रिन्यू चालू ठेवा, आणि तरीसुद्धा तारीख डायरीत लिहा कारण कार्डची मुदत संपली की ऑटो रिन्यू काय कामाचं. मामांनी ती तारीख गुऱ्हाळातल्या कॅलेंडरवर ट्रॅक्टरच्या इन्शुरन्सच्या शेजारी लिहिलीय, माझ्या मोबाईलच्या रिमाइंडरपेक्षा त्यावर माझा जास्त भरोसा आहे.

देवनागरीतसुद्धा डोमेन मिळतं बरं का, डॉट भारत म्हणून, २०१४ पासून आहे. दिसतं लई भारी. पण फोनवर कुणाला पत्ता सांगताना आणि ईमेल आयडी करताना गोची होते, म्हणून माझं मत असं की मुख्य नाव साधं डॉट इन किंवा डॉट कॉम ठेवा, हौस असेल तर देवनागरीतलं दुसरं घ्या आणि मुख्य नावाकडं वळवून ठेवा.

बसवायचं काम सोपं आहे, भिऊ नका. बहुतेक होस्टिंगला सीपॅनल, म्हणजे ती जागा सांभाळायचं पान, असतं, त्यात सॉफ्टाक्युलस नाहीतर तसलंच काहीतरी एका बटणात वर्डप्रेस बसवणारं असतं. ते युजरनेम विचारतं तिथं ॲडमिन असं टाकू नका, कारण चोरटे प्रोग्रॅम आधी तेच नाव घालून बघतात. पासवर्ड लांबलचक. साईटच्या पत्त्याआधी एचटीटीपीएस, म्हणजे कुलूपबंद जोडणीची खूण, येतंय का बघा, त्यासाठी लागणारं लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट फुकट मिळतं, ९० दिवसांचं असतं आणि होस्टिंगवाला ते आपोआप नवं करत राहतो. त्यासाठी वेगळे पैसे मागितले तर का ते विचारा.

लिहायच्या आधी सेटिंग्जमध्ये एक चक्कर

साईटच्या पत्त्यापुढं स्लॅश देऊन डब्ल्यूपी-ॲडमिन टाकलं की लॉगिन येतं आणि आत डॅशबोर्ड. डाव्या बाजूला काळी पट्टी, त्यात सगळं. सगळ्यांना थीम बदलायची घाई असते, मलाही होती, पण आधी खाली सेटिंग्जमध्ये जा.

जनरलमध्ये टाइमझोन बघा. तो सुरुवातीला बहुतेक यूटीसीवर असतो, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागं. मला हे माहीत नव्हतं. दिवाळी पाडव्याला सकाळी ६ ला निघेल अशी पोस्ट मी आदल्या रात्री लावून ठेवली, नव्या हंगामाचा गूळ आला म्हणून, मामांनी गिऱ्हाईकांना सांगून ठेवलेलं की सकाळी साईट बघा, आणि पोस्ट निघाली साडेअकराला. मामा तोवर तीनदा फोन करून दमले होते. टाइमझोनमध्ये कोलकाता निवडा, विषय संपला. तसंही शेड्यूल केलेली पोस्ट कधीकधी उशिरा निघते, कारण वर्डप्रेसचं घड्याळ साईटवर कुणीतरी आलं की जागं होतं, आणि आपल्यासारख्या लहान साईटवर पहाटे कोण येतंय.

तिथंच साईटची भाषा मराठी करा. हे नुसतं मिरवायला नाही. भाषा मराठी असली की ब्राउझरला कळतं की हा मजकूर मराठी आहे, आणि ज्या फॉन्टमध्ये मराठी वळण भरलेलं असतं त्यात ल आणि श आपल्या शाळेतल्यासारखे दिसतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात. पण डॅशबोर्ड मात्र मी माझ्यापुरता इंग्रजीच ठेवलाय, कारण सगळे व्हिडिओ आणि मदतीची पानं इंग्रजी नावांनी बोलतात आणि मराठी मेनूत ते बटण शोधताना जीव जातो. युजर्समध्ये आपापल्या प्रोफाइलला भाषा वेगळी ठेवता येते. मामींची मराठी, माझी इंग्रजी, साईट मराठी, तिघंही खूश.

पर्मालिंक्समध्ये, म्हणजे प्रत्येक पानाचा पत्ता कसा दिसायचा ते ठरतं तिथं, पोस्ट नेम निवडा आणि परत तिकडं फिरकू नका. साईट चालू झाल्यावर ते बदललं तर लोकांनी जपून ठेवलेल्या जुन्या लिंका तुटू शकतात. रीडिंगमध्ये एक छोटा चौकोन आहे, सर्च इंजिनला येऊ देऊ नका अशा अर्थाचा. साईट बनवताना कुणीतरी त्यावर टिक करतं आणि काढायचं विसरतं, मग सहा महिने गुगलवर साईट का दिसत नाही म्हणून डोकं खाजवत बसतात. आधी तो चौकोन बघा, मग एसईओच्या, म्हणजे गुगलवर वर यायच्या, गप्पा मारा.

शेवटचं म्हणजे ॲडमिनचा ईमेल खरा आणि रोज उघडला जाणारा द्या. का ते शेवटी कळेल.

पेज कुठलं आणि पोस्ट कुठली

नवीन माणूस इथं हमखास गोंधळतो, आणि सुरुवातीला गोंधळ झाला की पुढं सगळी साईट अडगळीची खोली होते, म्हणून जरा थांबून सांगतो.

जे वर्षभर बदलत नाही आणि ज्याला तारखेची गरज नाही ते पेज. जे घडतं, येतं आणि जुनं होतं ती पोस्ट. आमच्याकडं पेजेस मोजून पाच आहेत. मुखपृष्ठ, आमच्याबद्दल, गूळ कसा तयार होतो, दर आणि ऑर्डर, संपर्क. आमच्याबद्दलमध्ये आजोबांच्या काळापासूनची हकीगत आहे, कोल्हापुरी गुळाला २०१४ ला जीआय मानांकन मिळालं ते आहे. आणि पोस्टी म्हणजे हंगाम सुरू झाला, काकवी आली, यंदा पाऊस लांबल्यानं गाळप उशिरा, अमुक तारखेला गुऱ्हाळ बघायला शाळेची सहल आली होती त्याचे फोटो.

आता दर पेजवर का? मामेभाऊ सुरुवातीला दर बदलला की नवी पोस्ट टाकायचा. झालं असं की गुगलवरनं लोक दोन वर्षांपूर्वीच्या दराच्या पोस्टवर यायचे आणि फोन करून भांडायचे, "तुमच्याच साईटवर लिवलंय की ओ." दर एकाच पेजवर ठेवायचा, तेच पेज बदलत राहायचं, वर "हा दर अमुक तारखेपासून" अशी एक ओळ टाकायची. ज्याला एकच खरं उत्तर असतं ते एकाच ठिकाणी.

पोस्टींना कॅटेगरी लागते, टॅगही असतात. कॅटेगरी तीन-चार बास, टॅग नाही लावले तरी कुणाचं काही अडत नाही. काहीजण एका पोस्टला वीस टॅग लावतात, कशासाठी ते मला अजून समजलेलं नाही.

मुखपृष्ठ म्हणून वर्डप्रेस आपलं आपण ताज्या पोस्टींची यादी दाखवतं. ते नको असेल तर रीडिंग सेटिंग्जमध्ये स्टॅटिक पेज निवडून तुमचं मुखपृष्ठाचं पेज तिथं लावा. आणि सुरुवातीला आलेली हॅलो वर्ल्ड नावाची पोस्ट नि सॅम्पल पेज उडवून टाका, अजून कितीतरी संस्थांच्या साईटवर ती तशीच लोंबकळत असते.

थीमबद्दल थोडक्यात

वर्डप्रेससोबत येणारी थीम घ्या, नाहीतर ॲस्ट्रा किंवा जनरेटप्रेससारखी हलकी, फुकटची घ्या. एक मात्र सांगतो, नाहीतर वेडे व्हाल. थीम दोन जातीच्या असतात. जुन्या पद्धतीच्या थीममध्ये अपिअरन्सखाली कस्टमाइज, मेनूज, विजेट्स असं दिसतं, आणि नव्या ब्लॉक थीममध्ये तिथं एडिटर दिसतं आणि मेनूसुद्धा त्यातच करायचा असतो. तुम्ही बघताय त्या व्हिडिओत मेनूज आहे आणि तुमच्याकडं नाही, म्हणजे तुमचं काही मोडलेलं नाही, तो माणूस दुसऱ्या जातीची थीम वापरतोय. व्हिडिओ बदला.

प्रत्यक्ष लिहिताना

२०१८ च्या डिसेंबरात वर्डप्रेसनं ब्लॉक एडिटर आणला. परिच्छेद एक ब्लॉक, फोटो एक ब्लॉक, यादी एक ब्लॉक. रिकाम्या ओळीवर स्लॅश टाईप केला की कुठला ब्लॉक पाहिजे ते विचारतो. मामींना मी एवढंच शिकवलं आणि त्या दुपारी जेवणं उरकल्यावर मोबाईलवरनं लिहायला लागल्या.

मामींची पहिली पोस्ट मला अजून आठवते, कारण तीन चुका एकदम सापडल्या. मजकूर त्यांनी जुन्या माहितीपत्रकाच्या फाईलमधनं उचलला होता. ते पत्रक छापखान्यात श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये केलेलं, त्यामुळं साईटवर चिकटवल्यावर अक्षरांच्या जागी नुसती इंग्रजी अक्षरं, कंस आणि चिन्हांची भेळ. जुन्या फॉन्टमध्ये अक्षर फक्त दिसायला मराठी असतं, कंप्युटरच्या लेखी ते इंग्रजीच असतं. असला मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडं चालणाऱ्या मराठी अक्षरांत, बदलून घ्यायला लागतो, नेटवर कन्व्हर्टर मिळतात, पण रफार आणि जोडाक्षरं नंतर डोळ्यांनी तपासायची. चार परिच्छेद असतील तर सरळ परत टाईप करा, नाहीतर बोलून टाईप करा, मोबाईलवरच्या गुगलच्या जीबोर्ड कीबोर्डला मराठी बऱ्यापैकी कळतं.

दुसरी चूक लिंकची. शीर्षक होतं "कोल्हापुरी गूळ ओळखायचा कसा". वर्डप्रेस शीर्षकावरनं आपोआप पत्ता करतं आणि त्या पत्त्याला २०० अक्षरांची मर्यादा आहे. आता २०० लई झाली असं वाटतं, पण आतल्या हिशोबात देवनागरीचं एकेक चिन्ह टक्क्याच्या खुणा आणि आकडे घालून नऊ-नऊ जागा खातं, काना-मात्रासुद्धा वेगळी धरून. म्हणजे बावीस चिन्हांत खेळ खलास. आमचा पत्ता "ओळखायचा" च्या पुढं नुसत्या क वर तुटला. आणि ती लिंक व्हॉट्सॲपवर पाठवली तर टक्केच टक्के असलेलं चार ओळींचं शेपूट, बघणाऱ्याला वाटतं व्हायरस आहे. म्हणून पब्लिश करायच्या आधी उजवीकडच्या पट्टीत स्लग, म्हणजे पत्त्याचा शेवटचा तुकडा, असतो तो इंग्रजी अक्षरांत, छोटा, मध्ये आडव्या रेघा देऊन स्वतः लिहायचा. शीर्षक मराठीच ठेवा, त्याला हात लावायची गरज नाही.

तिसरी फोटोची. मोबाईलमधनं काढलेला फोटो चार-पाच एमबीचा, असे बारा फोटो एका पोस्टीत. गावात जिथं नेटचे दोन दांडे येतात तिथं ती पोस्ट उघडायची म्हणजे उसाचा रस आटायची वाट बघण्यासारखं. वर्डप्रेस फार मोठा फोटो आपला आपण २५६० पिक्सेलवर आणतं, पण ते पण आपल्याला जास्तच आहे. टाकायच्या आधी १२०० ते १६०० पिक्सेल रुंदीचा करा, दोनशे-अडीचशे केबीत बसवा. फाईलचं नावही बदला, मीडियामध्ये पुढच्या वर्षी शोधताना आयएमजी अमुक-तमुक नावातनं काय सापडणार? आणि आल्ट टेक्स्ट, म्हणजे फोटोचं शब्दांतलं वर्णन, भरा. आंधळ्या माणसाचा मोबाईल तो वाचून दाखवतो, गुगललाही त्यावरनं फोटो कळतो. मामेभाऊ तिथं "गूळ गूळ गूळ कोल्हापूर गूळ" असं भरायचा. त्यापेक्षा "काहिलीतला तयार पाक वाफ्यात ओतताना गुळव्या", जे दिसतंय ते लिहायचं, बास.

आणखी दोन-तीन बारीक गोष्टी. वर्ड किंवा व्हॉट्सॲपमधनं मजकूर आणताना कंट्रोल-शिफ्ट-व्ही नं चिकटवा, म्हणजे तिकडची रंगरंगोटी सोबत येत नाही. ठळक ओळ पाहिजे म्हणून अक्षर मोठं करू नका, हेडिंगचा ब्लॉक वापरा, आणि शीर्षक आधीच एच-वन, म्हणजे सगळ्यात मोठं हेडिंग, असतं म्हणून आत एच-टू पासून सुरू करा. पब्लिशच्या आधी मोबाईलचा प्रिव्ह्यू बघा, आमच्याकडं येणारे जवळपास सगळे मोबाईलवरनंच येतात. लिहिताना लाईट गेली तर रडू नका, दर मिनिटाला एडिटर आपोआप जपून ठेवतो, आणि रिव्हिजन्समध्ये जाऊन कालचं लिखाण परत आणता येतं. चुकून उडवलं तरी ट्रॅशमध्ये ३० दिवस पडून असतं.

चाव्या कुणाला किती द्यायच्या

सगळ्यांना ॲडमिन करू नका, आणि एकच पासवर्ड तिघांत वाटून तर मुळीच घेऊ नका. ॲडमिन एक किंवा दोन. एडिटर सगळ्यांचं लिखाण दुरुस्त करू शकतो. ऑथर स्वतःचं लिहून स्वतः प्रसिद्ध करतो. काँट्रिब्युटर लिहितो पण प्रसिद्ध करू शकत नाही आणि फोटोही चढवू शकत नाही, हे शेवटचं लक्षात ठेवा, शाळेच्या साईटवर मुलांना काँट्रिब्युटर केलं की "सर फोटो जात नाही" अशा तक्रारी येणारच. मामी एडिटर, भाऊ ऑथर, ॲडमिन मी आणि मामा. मामा कधी लॉगिन करत नाहीत, पण चावी त्यांच्याकडं आहे, पासवर्ड तिजोरीतल्या वहीत लिहिलेला आहे.

प्लगिनचा मोह

प्लगिन म्हणजे जादाचं अवजार. वर्डप्रेसच्या भांडारात फुकटची ५०,००० हून जास्त आहेत आणि पहिल्या महिन्यात प्रत्येकाला त्यातली निम्मी पाहिजे असतात. आमच्याकडं सहा आहेत. बॅकअपचं, सुरक्षेचं, साईट लवकर उघडावी म्हणून कॅशचं, फॉर्मचं, ईमेल नीट पोचावा म्हणून एसएमटीपीचं, आणि एसईओचं एक. बसवायच्या आधी तीन गोष्टी बघा, शेवटचं अपडेट कधी झालंय, किती साईटवर चालू आहे, आणि चालू आवृत्तीवर तपासलंय का. दोन वर्षं हात न लागलेलं प्लगिन घेऊ नका, वर्णन कितीही गोड असू दे.

पैशाची थीम किंवा प्लगिन कुणी फुकटात, क्रॅक करून देतो म्हणाला तर हात जोडा. त्यात बहुतेक वेळा मागचं दार उघडं ठेवलेलं असतं. मग एके दिवशी गुगलवर तुमच्या साईटचं नाव शोधलं की खाली जपानी अक्षरात कसल्याकसल्या मालाच्या जाहिराती दिसतात, आणि ते साफ करायला जो खर्च येतो त्यात ती थीम दहादा विकत आली असती.

ऑनलाईन पैसे घेऊन विकायचं असेल तर वूकॉमर्स नावाचं प्लगिन आहे, पण पहिल्याच दिवशी तिथं उडी घेऊ नका. आम्ही वर्षभर दराच्या पेजवर एक व्हॉट्सॲपचं बटण ठेवून काम भागवलं. लिंक अशी करायची, डब्ल्यूए डॉट एमई, स्लॅश, मग ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर, अधिकचं चिन्ह नाही, मोकळी जागा नाही. खाण्याची वस्तू असेल तर खाली फूटरमध्ये एफएसएसएआयचा १४ आकडी नंबर टाकायला विसरू नका.

"मी तर बदललं, दिसत का नाही?"

हा फोन मला महिन्यातनं दोनदा येतो. मामी दर बदलतात, साईट उघडतात, जुनाच दिसतो, परत बदलतात, परत जुनाच. याचं कारण कॅश. साईट लवकर उघडावी म्हणून पानाची तयार प्रत जपून ठेवलेली असते आणि तीच समोर येते. आधी इन्कॉग्निटोमध्ये, म्हणजे ब्राउझरच्या खासगी खिडकीत, उघडून बघा, तिथं नवं दिसलं तर तुमचाच ब्राउझर जुनं दाखवतोय. तिथंही जुनंच असेल तर वरच्या पट्टीत कॅश प्लगिनचं पर्ज किंवा क्लिअरचं बटण असतं ते दाबा. दरम्यान चारदा बदलाबदली करू नका, नाहीतर खरा दर कुठला ते तुम्हालाच आठवणार नाही.

बॅकअप, आणि साईट पडली तर

कोल्हापूरकराला बॅकअप समजावून सांगायला लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा आणि ४३ ला धोका, पण चिखली-आंबेवाडीतली जुनी माणसं ४३ ची वाट बघत बसत नाहीत, जनावरं आधीच बाहेर काढतात. २०१९ च्या पुरात मामांच्या ऑफिसातला कंप्युटर टेबलाच्या उंचीपर्यंत पाण्यात होता, आणि बॅकअप म्हणून घेतलेला पेन ड्राईव्ह त्याच टेबलाच्या खणात होता. साईटचंही तेच आहे. होस्टिंगच्याच जागेत ठेवलेला बॅकअप म्हणजे खणातला पेन ड्राईव्ह. अपड्राफ्टप्लससारखं प्लगिन घ्या, गुगल ड्राईव्हला जोडा, डेटाबेस आणि फोटो दोन्ही आठवड्यातनं एकदा तिकडं जाऊ द्या. आणि एकदा तरी तो बॅकअप परत बसवून बघा, नुसत्या फाईली साठवून काय उपयोग.

अपडेटचा लाल आकडा दिसला की टाळू नका, कारण जुन्या प्लगिनमधल्या फटींतनंच बहुतेक चोऱ्या होतात. पण आधी बॅकअप, मग एकेक प्लगिन, प्रत्येकानंतर साईट उघडून बघायची. आणि हे काम शुक्रवारी संध्याकाळी किंवा हंगाम ऐन भरात असताना करायचं नाही. मी सोमवारी सकाळी वर्कशॉप उघडायच्या आधी पंधरा मिनिटं देतो.

तरीही एखाद्या दिवशी साईटच्या जागी पांढरं पान आणि त्यावर क्रिटिकल एरर अशी एकच ओळ दिसणार, प्रत्येकाला दिसते. दोन मिनिटं काही करू नका. २०१९ पासून वर्डप्रेस अशा वेळी ॲडमिनच्या ईमेलवर एक पत्र पाठवतं, त्यात कुठल्या प्लगिननं घाण केली ते लिहिलेलं असतं आणि रिकव्हरी मोडची लिंक असते. म्हणून म्हटलं ईमेल खरा द्या. त्या लिंकवरनं आत जाऊन ते प्लगिन बंद करायचं. पत्र आलंच नाही तर होस्टिंगच्या सीपॅनलमध्ये फाईल मॅनेजर उघडा, डब्ल्यूपी-कंटेंट नावाचं फोल्डर, त्याच्या आत प्लगिन्स. तिथं जे प्लगिन नुकतंच अपडेट केलं होतं त्याच्या फोल्डरच्या नावापुढं काहीही एक अक्षर जोडा. वर्डप्रेसला ते सापडत नाही, ते बंद पडतं आणि साईट उघडते. कुठलं ते आठवतच नसेल तर अख्ख्या प्लगिन्स फोल्डरचंच नाव बदला, साईट उघडली की लॉगिन करून प्लगिन्सचं पान एकदा उघडा म्हणजे सगळी बंद होतात, मग नाव पूर्ववत करा आणि एकेक प्लगिन चालू करत या. ज्याच्यावर साईट परत पडेल तोच गुन्हेगार, त्याला तेवढा बाहेर ठेवायचा आणि बाकीच्यांना कामाला लावायचं.